तीस दाते की बावीस

३ नोव्हेंबर

सायकलच्या पुढच्या लहान चकतीला दाते किती हवेत — तीस की बावीस — यावरून आज घरात महाभारत! मी तीसवर अडून, नवरा बाविसावर. दाते कमी तेवढा चढ हलका, हे मलाही कळतं. पण बावीस म्हणजे पाय नुसते गरगर फिरणार आणि सायकल मुंगीच्या पावलांनी सरकणार. मी काय म्हातारी झाले?

डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत जायचं, हे खरं तर आम्हा दोघांचं ठरलेलं. त्याचा गुडघा बिघडला आणि विषयच बंद झाला. शेवटी मीच म्हटलं, एकटी जाते. तर "जा" म्हणाला. नको जाऊ नाही, मीही येतो नाही. नुसतं जा! आणि लगेच दात्यांचं गणित. मला ते फार झोंबलंय.

५ नोव्हेंबर

मेकॅनिकने तीसचीच बसवली. जिंकले!

८ नोव्हेंबर

जिंकले कसली — दोन्ही बाजूंच्या बॅगा भरून टेकडीवर गेले आणि अर्ध्यातच पाय संपले. ढकलत वर नेली. फिरायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, पंक्चर का? हो म्हटलं.

घरी येऊन कबूल केलं. तो हसला नाही. उलट म्हणाला, बावीसची बसव आणि मागची चकतीही आणखी मोठी घे. म्हणजे अजून हलकं! इतका अविश्वास माझ्या पायांवर?

१२ नोव्हेंबर

दुकानात गेले. मेकॅनिक म्हणाला, "ताई, सामान थोडं कमी करा. पस्तीस किलो एका सायकलवर फार होतात."

पस्तीस? तंबू, भांडी, कपडे धरून माझं अठराच्या वर जात नाही. कोणी सांगितलं, विचारलं. तर आमच्या साहेबांनी — फोन करून!

हा माणूस हिशोबात कधी चुकत नाही. मग अठराचे पस्तीस झाले कसे? उद्या सोक्षमोक्ष लावते.

१३ नोव्हेंबर

विचारलं. किती तरी वेळ टॉवेलची घडी घालत बसला. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, ओझं नसेल तर चालव. म्हणून माझंही सामान तुझ्यावर धरलं. पण तू एकटी जाते म्हणालीस... मग विचारायचा धीरच होईना."

रडू आलं. म्हटलं, "पस्तीस कसले? तुझी ती जाड उशी धरून चाळीस सांग त्याला."