बाबांच्या दोन उशा

१२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकल्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक.

आठवतं, बाबा दाढी करायचे तेव्हा आरसा आपण दोघं धरायचो? त्यांची मान वर होत नसे, म्हणून आरसा पोटाशी, तिरका. तू हसलास की तो हलायचा आणि बाबा म्हणायचे, "नाक तेवढं राहू द्या रे." घड्याळं दुरुस्त करून पाठ वाकली, असंच आपण धरून चाललो. तू तर शाळामास्तर, तरी तुझीही वाकलीच.

काल तुझा निरोप वाचला. मोरीत पाय घसरला, मान दुखते, जुनंच दुखणं, शेकतोय. माझा चहा निवून गेला. तुझ्या बायकोला फोन करून एवढंच म्हटलं की त्याला हलवू नकोस, अॅम्ब्युलन्स बोलाव. तू ती परत पाठवलीस म्हणे, "ताईचं आपलं काहीतरी" म्हणून. म्हणून हे पत्र. फोनवर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

बाबा स्टुलावरून घसरले तेव्हा तेही "जुनंच दुखणं" म्हणाले होते. एक्स-रे पाहून डॉक्टरही तेच म्हणाले. सहा दिवस मी शेकत बसले.

त्यांचे हात आपोआप गेले, असं मी तुला सांगत आले. तसं नव्हतं. आता ते खोटं सांभाळायचाही कंटाळा आला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी आम्हा मुलींना पाठ ताठ ठेवायला शिकवलेलं; वाटलं, सरळ झोपले की बरं वाटेल. मानेखालच्या दोन्ही उशा मी काढल्या आणि खांदे हळूच दाबले.

ते म्हणाले, "ताई, माझे हात कुठे गेले गं?"

पुढे चौदा महिने, जाईपर्यंत, घड्याळांचा चिमटा धरता आला नाही त्यांना. मला कधी बोल लावला नाही.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. बाबांची पाठ घड्याळांनी नाही, आजाराने वाकली होती, आणि तुझीही त्यानेच वाकली असणार; त्यात मणके जुळून एकच काठी होते. साध्या पडण्यानेही ती मोडते, आणि एक्स-रेत दिसेलच असं नाही. वाकलेली मान वाकलेलीच ठेवायची. सरळ केली की मज्जारज्जू चेंगरतो.

माझी लेक हे पत्र, बाबांचा आरसा आणि त्यांच्या दोन उशा घेऊन गाडीने निघते आहे. तिच्यासमोर अॅम्ब्युलन्स परत बोलाव.

आरसा तुला. तुझ्या निरोपसमारंभातला, बाजूने काढलेला फोटो डॉक्टरांना. मान आधीपासून किती वाकलेली ते त्यांना दिसू दे, आणि सीटी स्कॅन मागून घे. पत्र वाचून झालं की बायकोला. बाबांचं भिंग अजून माझ्याकडेच राहू दे.

दोन्ही उशा तुझ्या मानेखाली. घरात कोणालाही त्या काढू द्यायच्या नाहीत. मी आले तर मलाही नाही.

तुझी,
ताई