आडवा बांबू

३ मार्च २०२३
आजपासून गुणवंतरावांच्या घरी माही ड्युटी. म्हातारा छातीचा दुखणेकरी. तब्येतीची वही रोज ठेवा, असं डॉक्टरनं सांगितलं. मले अक्षर येत नाई, म्हणून मी सांगतो आन् त्यांची सून दिव्यानी लिहिते. घर झकास आहे. मागं मोहाचं झाड, चहात दूध भरपूर. म्हातार्‍यानं नाव विचारलं. सुगंधाबाई, म्हटलं, वास आला का समजन. हसला बिचारा. अंगणात कपडे वाळवायचा बांबू आहे, त्याले लाल चिंधी बांधलेली. त्या बांबूले मी ओळखतो.

५ मार्च
बीपी बरोबर. भाकर एक, वरण वाटीभर. म्हातारा म्हणे, बाई, तुम्हाले कुठी पाह्यलं? म्हटलं, तवा तोंडाले पदर होता, भाऊ, कसे ओळखसान? आता सांगूनच टाकतो. लॉकडाऊनमंदी याच बांबूनं यानं गावचा रस्ता अडवला होता. माह्या नवर्‍याच्या, वारलूच्या, छातीत कळ, अंगाले घाम, दम लागे. हा म्हणे, दम लागते म्हणजे कोरोनाच, पास दाखवा. दवाखाना पलीकडं नऊ कोस. वारलू बांबूले धरून बसला तो उठलाच नाई.
दिव्यानीचा पेन थांबला. लिही म्हटलं, वही डॉक्टरची आहे.

७ मार्च
बांबू ओट्यावर आडवा. दिव्यानी म्हणे, तुम्हीच ठेवला. ठेवला असता तर कबूल केलं असतं, मले कायची लाज? म्हातारा दोनदा म्हणाला, बाहेर कोन खोकलून राह्यलं. वारलू असाच खोकले. मले बरं वाटलं.

८ मार्च, दुपार
बांबू खोलीच्या दारात. म्हातार्‍याले घाम, डाव्या हातात कळ. म्हणे, गॅस झाला. म्हटलं, ओवा खा, भाऊ. मुद्दाम म्हटलं.

थोड्या वेळानं
दिव्यानीनं गाडी बोलावली. गाडी फाटकात — आम्ही तिघं खोलीतच. दारातला बांबू हलत नाई. दोघींनं जोर लावला —
पलीकडून वारलू म्हातार्‍याले पास मागते. म्हटलं, माग, बरोबर आहे.
म्हातारा आता बोलत नाई.
मंग वारलू मले म्हणते, तुहा पास?
एक लिहायचं राह्यलं, दिव्यानी. वारलू गेला त्या दिवशी सकाळी पयले मीच म्हटलं होतं, गॅस असन. ओवा देल्ला. दुपारवरी निजवून ठेवलं —
त्याले सांग, मी बायको — माह्या छातीत — बांबू काढ म्हण —
वारलू हसते. म्हणते, गॅस असन, ओवा खा, सुगं—