लाटेपलीकडची होडी

प्रिय बाबा, पर्थहून तुझ्या समीक्षाचा वाकून नमस्कार.

फोनवर आई कान लावून असते, म्हणून लिहितेय.

नवी होडी घेतली. कयाक म्हणतात, एकटीने बसून मासे धरायची. रविवारी समुद्रात घातली. इथे किनाऱ्यावरच लाटा फुटतात. आपण खाडीत होडी काठाला आडवी लावून चढतो ना, तशीच मी चढले आणि पहिल्याच लाटेने होडीसकट उलटले. एवढं आईला वाचून दाखवू नको. अंगात तरंगायचं जाकीट होतं, खरचटलंसुद्धा नाय.

मग मोठ्या लाटा जाऊ दिल्या, होडीचं तोंड सरळ समुद्राकडे धरलं, चढले आणि वल्हं थांबवलंच नाय. फेसापलीकडे पोचले तेव्हा वाटलं, तू काठावर हवा होतास. ‘बरी वल्हवलीस,’ एवढंच म्हणाला असतास. मला तेवढं पुरलं असतं.

पहिला मासा आपल्या रीतीने शेजारी दिला.

तुझा खोकला कसा हाय? आपली होडी विकल्यापासून तू खाडीवर जातच नाय म्हणे. खरं काय?

आईला शेवटचं तेवढं मोठ्याने वाच. आपल्या जुन्या होडीवर होतं तेच आईचं नाव मी ह्या नव्या होडीवर रंगवलंय. भामा परत पाण्यात हाय.

तुझीच,
समीक्षा