चक्क्याचं पाणी

आई, कुपवाडच्या ज्या श्रीखंडाच्या कारखान्यात तू चक्का टांगायचीस, त्याच्याच मागच्या शेडमध्ये मी वर्षभर काम करतेय. तुझी ती कापडी गाठोडी आता नाहीत, यंत्र आलंय. पण चक्क्यातून निथळणारं आंबट पाणी तेच आहे आणि वासही तोच. तू संध्याकाळी चालत माधवनगरला घरी यायचीस तेव्हा तो वास तुझ्याआधी दारात यायचा. "येवढं दुधाचं पाणी, आन् सगळं गटारात," असं पुटपुटत तू हात घासघासून धुवायचीस. रात्री माझ्याशेजारी आडवी झालीस की मी भिंतीकडे सरकायचे. तुला ते कळायचं.

ते पाणी आता गटारात जात नाही, निदान एका टाकीपुरतं तरी. बंद टाकीत, हवा न लागता, डोळ्यांना न दिसणारे जीव त्यातली साखर खातात आणि हायड्रोजन वायू सोडतात. तो जाळला किंवा त्याची वीज केली तर धूर नाही, काजळी नाही, मागे उरतं नुसतं पाणी. तू ऐकून हसली असतीस. "पाण्याचा ग्यास, आन् ग्यासचं परत पाणी? मग मधी येवढी दगदग कशाला गं?"

हे जीव आम्ही गोबरगॅसच्या शेणकाल्यातून घेतो. पण त्यात तयार झालेला हायड्रोजन फस्त करणारे दुसरेही असतात. म्हणून काला आधी तासभर उकळायचा. खादाड मरतात, आपल्या कामाचे कवचात शिरून तग धरतात. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय, आणि दोनदा मीच काला नुसता कोमट करून टाकीत ओतला. दोन्ही वेळा हायड्रोजन जवळजवळ शून्य. मालक भला माणूस, पण शेवटी तोही म्हणाला, "मॅडम, आनी एकदा बघा. न्हाई जमलं तर टाकी मोकळी करा, मला ती ताकाला लागतीया." वर्षाची मेहनत ताकात जायची वेळ आली होती.

तुला आठवतं? नववीत असताना मी विरजणावर उकळतं दूध ओतलं होतं. तू हातातलं लाटणं टाकून धावत आलीस. "आगं, जित्तं असतंय ते! मारलंस की गं!" मग शेजारच्या काकूंकडून वाटीभर दही मागून आणलंस. तेव्हापासून बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी विरजण लावलेलं नाही. शेडमध्येही काला तापू लागला की माझा हात आपोआप हीटर बंद करायला बटणाकडे जायचा. मालकाला सांगितलं, हीटर बिघडलाय. हीटर ठणठणीत होता.

तिसऱ्या खेपेला मी हात पाठीमागे बांधून तासभर हीटरसमोर उभी राहिले. "आई, आज तेवढं बोलू नकोस," असं चक्क मोठ्यानं म्हणाले. दोन दिवसांनी गॅस आला. तो वीज करणाऱ्या छोट्या यंत्रात सोडला आणि बोटाएवढा दिवा लागला. मालक ओरडला, "आवं, लागला की!" त्यानं सगळ्यांना श्रीखंड वाटलं. टाकी राहिली. आई, मी फार खूश आहे.

हे पत्र कुठं टाकणार? प्रयोगाच्या वहीतच राहील. पण एक सांगायचंय. त्या यंत्राच्या नळीतून पाण्याचे दोन थेंब पडले, तुझ्याच त्या पाण्यातून आलेले. सगळे दिव्याकडे बघत असताना मी ते बोटावर घेऊन हुंगले. स्वच्छ पाणी, कसलाच वास नाही. प्रयोग जमला असेल तर ते तसंच असायला हवं होतं. तरी मी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.