काकाचा हात

डेल्फीन,

'प्रिय' लिहावंसं वाटत नाही. काल तुमच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांनी पेशंटवर लिहिलेल्या गोष्टी वाचल्या, तेव्हा मी मागे बसले होते. तुझ्या गोष्टीत तू मरणाऱ्या काकाचा हात धरून बसलीस, बाहेर बर्फ पडत होता. लोक कुकी खाता खाता रडले.

तो गेला जुलैत. मिनेसोटात जुलैत बर्फ? अगं, तू दारातच उभी होतीस, नाकावर बाही दाबून. त्याचा पाय सडला होता. तोच म्हणाला, "पोरी, वास येतोय ना? माफ कर हं. जा तू."

तेवढं वाचलं असतंस, तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या.

हे पत्र टाकणार नाही. तू याचंही वाचन ठेवशील.

रोवेनाकाकू