माह्या नावाच्या खुर्च्या

३ मार्च
शेजारच्या पोराचं लगन. जेवाले बसली त खुर्चीच्या पाठीवर माहंच नाव. यमुनाबाई बिछायत केंद्र, मूल. लाल खुर्ची, पांढरी अक्षरं. माह्या पोरानं, वासूनं, लगनाचं सामान भाड्यानं द्याचा धंदा टाकला तेव्हा मायचं नाव शुभ म्हणून रंगवून घेतलं होतं. धंदा बुडाला, कोर्टानं वासूले दिवाळखोर ठरवलं, लिलाव झाला. खुर्च्या, कनाती, सैपाकाचे गंज, जनरेटर, समदं गावातल्या गजूभाऊनं घेतलं. वर्ष होऊन गेलं, पण नाव पुसलं नाई लेकाच्यानं.
एक बाई हासून म्हणे, "बाई, तुमच्या नावावर बसलो."
मी म्हटलं, "बस, पण टेकू नको. मोडते ते."

८ मार्च
वासूचा राईस मिलचा पगार बँकेत जमा झाला. खातं पुन्हा चालू झाल्यापासून पह्यलाच. सुनेनं, सुषमानं, गॅस भरला. चुलीच्या धुरानं डोळे गेले होते तिचे.
किराणावाला म्हणे, "आता लिहून ठिवू का बाई, महिन्याले द्या." दोन वर्ष हाच माणूस आमाले पाहून काट्यामागं तोंड लपवे. मी म्हटलं, नको. रोख देतो. तुह्या वहीत माह्या घरचं नाव पुन्हा नको.
मे मधी चंद्रपूरच्या कोर्टात शेवटची पेशी. वकिलानं दोघा मायलेकाले समोर बसवून सांगतलं, दिवाळखोरीतून सुटकेचा कागद हाती येईपर्यंत वासूनं कोणाची उधारी, कोणाचा इसार, आगाऊ पैसा, घ्यायचा नाई. एक तक्रार गेली की संपलं.
वासू मुक्यानं जेवते, मुक्यानं झोपते. मले चालते.

१५ मार्च
आज वासू आंघोळ करता करता शिट्टी वाजवत होता.
सुषमा म्हणे, "आई, चांगलंच हाय न. हासून त रायले."
हासू दे. शिट्टी कायले? मोठा डीजे घेतला तेव्हा अशीच वाजवे. दुसरा घेतला तेव्हा दिवसभर.

१९ मार्च
पांढरे बूट. मिलमधी पोते उचलणाऱ्याच्या पायात पांढरे बूट.
"कोणं देल्ले?"
"गजूभाऊनं."
ज्यानं आमच्या बुडाखालच्या खुर्च्या नेल्या तो आता बूट देऊन रायला. फोन आला की वासू आंगणात जाते. मी गेली की गोठ्याकडं जाते. गोठ्यात जनावर नाई, शेण बी नाई.

२६ मार्च
बाजारात वांगे घेऊन रायली होती. एक माणूस वाकला न् पाय धरले. डोमाजी नाव. सावलीच्या रोडवर आत जंगलाकडं गाव हाय त्याचं.
म्हणे, "पोरीचं लगन हाय वीस एप्रिलले. तुमचं नाव पाहूनच इसार देल्ला, बाई. खुर्च्या कमी आल्या त चालन. उजेड चहूबाजूनं पायजे. दिवाळीच्या मागं आमच्या गावची बाई सरपणाले गेली होती, वाघानं नेली. तलावाच्या पाळीवर चप्पल भेटली. तेव्हापासून दिवस बुडला की कोणी भाहीर नाई निंघत. लगनात पाहुणे इकडंतिकडं जाते, लेकरं पळते. विजेच्या लाईनीचा भरवसा नाई. जनरेटर पायजेच."
मी तशीच घराकडं निंघाली. वांगे तिथंच रायले.

संध्याकाळी वासूले धरला.
"माल गजूभाऊचा, गिऱ्हाईक माह्यं. कमिशन भेटते."
"इसार कोणाच्या नावानं घेतला?"
त्यानं फोन उलटा ठेवला.
"बोल न बे."
"तुह्या. माह्या नावानं घेता येत नाई न."
"पैसे कुठी हायेत?"
"गजूभाऊकडं. आपला माणूस हाय तो, आई."
आपला. माह्या बापानं बी एवढ्या लवकर कोणाले आपला म्हटलं नाई.

३० मार्च
गजूभाऊच्या गोदामात गेली. चांगल्या कपात चहा देल्ला त्यानं. आमच्याच सेटमधला कप.
"माह्यं नाव काऊन नाई पुसलं?"
"पुसून कसं चालन, बाई? माह्या नावानं लोक घासाघीस करते. तुमच्या नावाले भाव हाय. यमुनाबाई म्हटलं की लोक डोळे मिटून इसार देते."
"वीस तारखेले डोमाजीले जनरेटर देशीन?"
"देऊ न." बोलला माह्याशी, पाहे चहाकडं.
भाहीर त्याचा माणूस जनरेटर धूत होता. मी सहज विचारलं, कुठं निंघाला हा एवढा नटून. म्हणे, "वीसले अहेरीले जाते जी. ठेकेदाराच्या घरचं लगन हाय, दोन दिवसाचं."
दुसरा जनरेटर नाई त्याच्याकडं. मले माहीत हाय. त्याचा सोताचा कधी नव्हताच, हा आमचाच, लिलावातला.

२ एप्रिल
काळा रंग न् ब्रश घेऊन पुन्हा गोदामात. दोन खुर्च्यांवरचं नाव पुसलं. तिसरीले हात लावला त गजूभाऊ आला. रागावला नाई. हासला.
"पुसा, बाई. तुमी पुसा, मी पुन्हा लिहितो. रंग सस्ता हाय."
हात धरला असता त मी दोन शिव्या देल्या असत्या. हासणाऱ्याले काय द्याव?
ब्रश तिथंच ठिवून आली. घरी येऊन पाहते त आंगठ्याले काळं. रॉकेलनं घासलं तरी नखात हाय.

५ एप्रिल
वासूले म्हटलं, जनरेटर अहेरीले चालला, डोमाजीचा इसार वापस कर. म्हणे गजूभाऊ देत नाई, सीझननंतर हिशोब म्हणते. आणि म्हणे, "तू डोमाजीले काई सांगू नको आई. त्यानं ठाण्यात तक्रार केली त पेशी गेली. मी काई तरी करतो."
काई तरी करतो. हेच म्हणून राह्यला होता जप्तीवाले आंगणात उभे होते तेव्हा.
सुषमा पदराआड रडली. म्हटलं, रडून जनरेटर येत असन त दोघी मिळून रडू.
शिट्टी बंद झाली. बूट खाटेखाली.

९ एप्रिल
सांगाव का नाई. सांगतलं त वासू जाते. नाई सांगतलं त त्या गावचे लेकरं अंधारात.
भात करपला आज. तीन माणसं करपलेलं जेवली. कोणी नाव नाई ठेवलं.

१३ एप्रिल
ऑटोनं डोमाजीच्या गावाले गेली. घरात सांगतलं, दवाखान्यात जातो.
मांडवाच्या जागी खुट्या ठोकून होत्या. मागं तलाव, तलावापल्याड बांबूचं रान, पार मांडवाले लागून. दुपारच्याले बी तिकडून गार वारा येत होता. एक बाई तलावावरून धुणं अर्धंच घेऊन आली. म्हणे माकडं वरडून रायले. समद्याईनं लेकरं घरात घेतले.
डोमाजीले म्हटलं, "जनरेटरचं खरं नाई. लगन सकाळीच उरकव."
"मी त अकराचं काढलं होतं, बाई. पण वरातीवाल्याईचं तुमाले माहीत हाय. चारच्या आत गावात पाय नाई ठेवत ते. नाचतीन, पेतीन. मी पोरीचा बाप, माह्यं कोण आयकते?"
मंग वाकून एक खुटी हालवून पाह्यली त्यानं.
"इसार तुमच्याच नावानं देल्ला न मी?"
"हो. माह्याच."
"मंग मी तुमालेच इचारीन."
आवाज नाई चढवला त्यानं. पाणी देल्लं, ऑटोपर्यंत सोडाले आला. शिव्या देल्या असत्या त बरं वाटलं असतं.

१७ एप्रिल
परवाच्या दिवशी वासूले सांगतलं, मी गेली होती. मले वाटलं चिडन. खाटेवर बसला न् म्हणे, "तक्रार करन का तो?"
म्हटलं, "तुले तक्रारीचं पडलं? तिथलं रान पाहून ये पह्यले."
गेला खरंच, मिलमधल्या माणसाची गाडी मागून. आला तेव्हा जेवला नाई. दोन दिवस झाले, जनरेटरसाठी सावली, सिंदेवाही, ब्रम्हपुरी फोन लावून रायला. लगनाचे दिवस, समदे गुंतले.

२० एप्रिल
डोमाजीच्या आंगणात बसून लिहून रायली. वही पिशवीत टाकून आणली.
खुर्च्या सकाळीच आल्या, गजूभाऊच्या ट्रॅक्टरनं. समद्या माह्या नावाच्या. माह्या दोन काळ्या बी त्याच्यातच. ट्रॅक्टरवाल्याले विचारलं, जनरेटर? म्हणे, मले खुर्च्याच सांगतल्या जी.
वासू दुपारी मोटारसायकलनं गेला. म्हणे वैरागडकडं एकाकडं हाय म्हणते, मालवाहू गाडीत टाकून आणतो. चपलीवर गेला. पांढरे बूट घरीच. जाता जाता म्हणे, "आई, डोमाजीले सांग, पोलिसात जायचं असन त माह्यं नाव दे म्हणा. तुह्यं नाई." लय दिवसानं मले माह्या पोटचं पोरगं दिसलं. मी म्हटलं, जाय, बोलत नको बसू.
तेव्हापासून फोन बंद सांगते. तिकडं रेंज बी नाई.

वरात आता आली. पाच वाजून गेले. बँडवाले थांबत नाई, नवरदेवाचा मामा रस्त्यात आडवा पडून नाचून रायला. लाईन दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली ते आलीच नाई.

बायाईले घेऊन मांडवाच्या चारी कोपऱ्यात लाकडं रचली. ओले हायेत थोडे. एका म्हाताऱ्यानं आपल्या छपराचे जुने बांबू काढून देल्ले, विचारलं बी नाई. लेकराईले मधात बसवलं. ते बसते थोडेच.

डोमाजी आला. एक खुर्ची ओढली, नाव माह्याकडं येईन अशी फिरवली, न् बाजूले उभा रायला.
"बाई, गाडी?"
"येते."
"दिवस बुडला."
"दिसते मले."

तलाव काळा झाला. माकडं पुन्हा वरडून रायले, आता जवळून. बँड आपोआप बंद झाला. माचिस माह्या हातात हाय.

सावलीच्या रोडकडून काई तरी येऊन रायलं. समदा मांडव उभा राहून पाहते. वासू रिकामा आला असन त एक दिवा. माल घेऊन आला असन त त्याच्या मागं गाडीचे दोन.
धूळ लय हाय. एक त दिसून रायला.