डीकन आवडती, पोस्ट रोड नावडती

शनिवार, १२ जानेवारी

डीकन उघडली, माझी लाडकी स्कीची वाट! शून्याखाली नऊ, वारा नाही, आकाश निळंशार. आम्हा स्कीच्या गस्तीतल्यांना लोकांच्या आधी अर्धा तास वर जायला मिळतं, तेवढ्यासाठीच मी पहाटे उठते. कोणी विचारलं तर सांगते की सेवा म्हणून करते.

पहिल्या वळणावर पुढचं काही दिसत नाही. नुसतं स्प्रूसचं काळं रान, आणि पायाखालची जमीन एकदम खाली जाते. दुसऱ्या वळणावर झाडी मागे पडते, खाली अख्खं गाव दिसतं. चर्चचा सुळका, पशुखाद्याचं दुकान, माझी पिवळी शाळेची बससुद्धा. तिसऱ्या वळणावर ती उंचवट्याची जागा, जिथे क्षणभर दोन्ही स्की हवेत. मग खाली येईपर्यंत नुसता स्कीच्या कडांचा आवाज.

आजोबांच्या पिढीने दोघांनी ओढायच्या करवतीने कापलेली वाट आहे ती. यंत्र नव्हतं, म्हणून मोठा खडक आला की वाट वळवली. आता कोणी इतका विचार करत नाही. ती नवी एक्सप्रेस वाट बघा. सरळ, रुंद, गुळगुळीत. तिथून उतरताना मी मनात किराण्याची यादी करते.

डोंगरावर स्कीइंग सुरू होऊन ह्या वर्षी पंचाहत्तर वर्षं होतात. लॉजमध्ये मोठा नकाशा लावणार आहेत, आणि त्याखाली गस्तीतल्या प्रत्येकाची एक आवडती नि एक नावडती वाट. दोन ओळींत लिहून द्या म्हणे. डीकन आणि दोन ओळी? ह्यांना वेड लागलंय.

रविवार, १३ जानेवारी

आवडती : डीकन. नावडती : पोस्ट रोड. विचार करायला एक मिनिटही लागलं नाही. दुसऱ्या नंबरला सॅपलाइन ठेवली असती, पण दुसरा नंबर कोणी विचारलेलाच नाही.

शनिवार, १९ जानेवारी

आमच्या गस्तप्रमुख रॉयसने आज डोंगरावरच्या गस्तीच्या खोपटात सगळ्यांसमोर सांगितलं की हा त्याचा शेवटचा मोसम. एकाहत्तर पूर्ण. "गुडघे म्हणतात बस, आणि बायको गुडघ्यांच्या बाजूने आहे." कोणी हसलं नाही. नवा गस्तप्रमुख आम्ही चौदा जणांनी चिठ्ठ्या टाकून निवडायचा, नऊ फेब्रुवारीला.

मी उभी राहणार. इथे खोटं कशाला लिहू? मला ते पद हवंय. फार हवंय. सव्वीस हिवाळे झाले. फळीवर बांधून किती जखमींना खाली आणलं त्याची मोजदाद नाही, आणि शेवटच्या फेरीत माझ्या मागे डोंगरावर एकही माणूस राहिलेला नाही. एकही नाही. हे मी नव्या लोकांना दरवर्षी ऐकवते, ते डोळे फिरवतात, मी तरी ऐकवते. आजवर बाई कधी प्रमुख झालेली नाही. दुसरं कोणी उभंही राहिलेलं नाही. गस्तीतली माझी मैत्रीण ग्लेन्डा म्हणाली, "तुझ्यासमोर कोण उभं राहणार गं? चावशील."

रॉयसची जागा भरून काढणं मात्र कोणाच्या बापाला जमणार नाही. हा माणूस आवाज चढवत नाही. एकदा एकाने नवशिक्यांच्या वाटेवर भरधाव येऊन एका मुलीला पाडलं. रॉयसने त्याला बाजूला नेलं, त्याच्या स्की पुसून दिल्या आणि काय सांगितलं कोण जाणे, तो गडी ढसाढसा रडत तिची माफी मागायला आला.

रविवार, २० जानेवारी

डबा हलला, आणि माझ्या हाताला काय लागावं? पोस्ट रोड.

चारला लिफ्ट बंद झाली की आम्ही वर जमतो. कॉफीच्या जुन्या डब्यात लाकडी चकत्या, प्रत्येकीवर एका वाटेचं नाव. जी निघेल ती तुमची. फळ्यावर नाव लागतं. मग ती वाट उतरायची, प्रत्येक वळणावर थांबायचं, "कोणी आहे का?" ओरडायचं, दहा आकडे मोजत कान द्यायचा, पुढे जायचं. खाली पोचलात की रेडिओवर "मोकळी" म्हणायचं. चौदाही वाटा मोकळ्या झाल्या की डोंगर बंद.

पोस्ट रोड म्हणजे पूर्वीची टपालाची घोडागाडी जायची तो रस्ता. सपाट. पाऊण मैल सपाट! दोन्ही हातांनी काठ्या रेटा, बदकासारखं चाला, घामाने निथळा, आणि खाली पोचेपर्यंत सगळे अर्धं सूप पिऊन बसलेले. लोक तिथे चुकूनच जातात. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण हिच्यात मीठच नाही.

म्हणून आमची अदलाबदल चालते. फळ्यावर जे नाव लागलं ते लागलं, वर आपसात बदलायचं. रॉयस त्या वेळी काहीतरी दुसरं बघत असतो. आज दोन डोनट देऊन ग्लेन्डाच्या गळ्यात मारली. मेपलची साखर घोळलेले होते, तेव्हा ती फसली असं म्हणता येणार नाही.

आणि अगदी स्वतः गेले तरी कोण पूर्ण उतरतं? फाट्यावर उभं राहून ओरडायचं, संध्याकाळी रान इतकं शांत असतं की फांदीवरचा बर्फ पडला तरी ऐकू येतो. कोणी असेल तर ओ देईलच. मग आडव्या वाटेने एक्सप्रेसवर यायचं आणि पाच मिनिटांनी "मोकळी" म्हणायचं. सगळे हेच करतात. कोणी बोलत नाही.

शनिवार, २६ जानेवारी

दहा इंच! रात्रभर पडला. सॅपलाइनवर आज मी पहिली. दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, त्यांच्या अंगाला रस काढायच्या निळ्या नळ्या, आणि मध्ये कोणीही न मोडलेला पांढराशुभ्र उतार. गुडघाभर. वळलं की बर्फ छातीपर्यंत उडायचा. मी गाणं म्हणत होते, अगदी मोठ्याने, आणि खाली ग्लेन्डा उभी. "तुझी निवडणूक बुडाली," म्हणाली, "हा आवाज मी सगळ्यांना सांगणार."

आता वाटतं नकाशाखाली सॅपलाइन लिहावी. नको. डीकनला वाईट वाटेल.

शनिवार, २ फेब्रुवारी

आज चकतीत पोस्ट रोड ग्लेन्डाला आली. तिच्या पोटरीला कालच गाईने लाथ मारलीय, काळंनिळं झालंय, सपाटावर रेटणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, आण इकडे, तू माझी घे. माझी नवशिक्यांची होती, सोपी. ग्लेन्डा म्हणाली, "डोनट नाहीत गं माझ्याकडे." म्हटलं, उधार. रॉयस नव्हता, नातीच्या लग्नाला गेला होता, त्यामुळे सगळ्यांनाच सूप दिसत होतं.

फाट्यावर थांबले. ओरडले. दहा मोजले. काही नाही. "मोकळी."

वाटाण्याचं सूप आणि चेडर चीज. झोप येतेय.

रविवार, ३ फेब्रुवारी

पोस्ट रोडवर बाई होती.

फर्नाल्ड नावाची, सहासष्ट वर्षांची, एकटी. स्कीची पकड तुटली म्हणून स्की खांद्यावर घेऊन पायी चालत निघाली. गुडघाभर बर्फात. हेल्मेट बसत नाही म्हणून कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं. मी ओरडले तेव्हा ती तिथेच होती. दुसऱ्या वळणाच्या पलीकडे, फार तर दोनशे पावलांवर. साडेपाचला, अंधार पडता पडता, वाट संपते तिथल्या मागच्या वाहनतळाजवळ पोचली. दोन बोटांना हिमदंश. बोटं वाचतील म्हणतात.

सकाळी रॉयसने खोपटात हे वाचून दाखवलं. आवाज नेहमीसारखाच. मग फळ्याकडे बघितलं. फळ्यावर अजून कालचंच होतं. पोस्ट रोड : ग्लेन्डा.

"ग्लेन्डा, तू उतरली होतीस?"

ग्लेन्डाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पाय दुखत होता," एवढंच म्हणाली. ते खरंच होतं.

आणि मी मूग गिळून बसले. मी! दिवसभर डीकनवर ड्यूटी होती. काय बर्फ होता आठवत नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

बसमध्ये पोरं गोंधळ घालत होती, एकदाही ओरडले नाही. एका मुलाने विचारलं, "मिसेस नोरीन, बरं वाटत नाहीये का?"

संध्याकाळी ग्लेन्डाच्या गोठ्यावर गेले. दूध काढणं चालू होतं. म्हटलं, मी रॉयसला सांगते. तर ही बया यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून ओरडते, "शनिवारपर्यंत गप्प बस! आधी निवडून ये."

"अगं, तुला काढतील."

"काढू देत. सात वर्षांत एका शनिवारी मी उशिरा उठले नाहीये. तू माझ्यासाठीच गेलीस ना तिथे? पाय माझा, चकती माझी, नाव माझं."

"पण उतरले नाही मी, ग्लेन्डा."

तिने गाईच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "मी तरी कुठे उतरले असते."

किती मोठ्या मनाची बाई आहे! मला तिच्यासमोर उभं राहवेना. येताना तिने डझनभर अंडी दिली, आणि मी घेतलीसुद्धा.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

उद्या चिठ्ठ्या. फर्नाल्डबाईंना फोन केला. कोण बोलतंय ते नीट सांगितलं, काय केलं तेही. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मला माझा गुन्हा दोनदा, मोठ्याने, सांगावा लागला. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? पहिला अर्धा तास फार छान वाटलं तिथे. नंतर भीती वाटली. फार वाटली." मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस, बाई." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. का म्हणावं?

शनिवार, ९ फेब्रुवारी

सांगितलं.

रॉयस चिठ्ठ्या वाटणार एवढ्यात उभी राहिले. हात खिशात घातले. म्हटलं, दोन तारखेला पोस्ट रोड माझ्याकडे होती, ग्लेन्डाकडे नाही. मी फाट्यावरून ओरडले आणि मोकळी म्हटलं. आठवडाभर तिला बोलणी खाऊ दिली, कारण मला हे पद हवं होतं. अजूनही हवंय. पण मत देण्याआधी तुम्हाला हे माहीत असायला हवं.

शेगडीवर मोजे वाळत होते त्यांचा वास येत होता. ग्लेन्डा म्हणाली, "मूर्ख," आणि नाक शिंकरलं.

चौदा चिठ्ठ्या. तेरा चिठ्ठ्यांवर ग्लेन्डाचं नाव. ती उभीसुद्धा नव्हती! तेरातली एक माझी. चौदाव्या चिठ्ठीवर नोरीन, आणि ग्लेन्डाचं ते गिचमिड अक्षर मी कुठेही ओळखीन.

रडले. घरी येऊन, भांडी घासताना, भरपूर. वाईट वाटलं ते वाटलंच. पण ग्लेन्डा प्रमुख होणार ह्याचा आनंदही खराच आहे. तिने पहिला हुकूम तिथेच सोडला, आजपासून अदलाबदल बंद. मग दिवसाच्या शेवटच्या फेरीत मला सॅपलाइन निघाली. प्रत्येक वळणावर थांबले. वीस मोजले.

रविवार, १० फेब्रुवारी

दुपारी लिफ्टच्या खुर्चीत मी आणि रॉयस दोघंच होतो. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "चूक माझीही आहे, नोरीन. पोस्ट रोड तुम्ही कोणी धड उतरत नाही हे मला ठाऊक आहे. गाडी मी मागच्या वाहनतळावर लावतो ती उगाच नाही. एकोणीस हिवाळे, सगळ्यांचं मोकळी-मोकळी झालं की मी तिथून उतरून घरी जातो. त्या शनिवारी लग्नाला गेलो आणि पोस्ट रोड बघा असं कोणाला सांगून गेलो नाही."

मी विचारलं, मग आम्हाला कधी बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर महिनाभर उतरला असता, मग पुन्हा तेच. आणि ती वाट मला आवडते. नकाशाखालीही तेच लिहून दिलंय."

वरचं टोक दिसायला लागलं तेव्हा विचारलं. कोणी सापडलं का कधी?

"सात जण," म्हणाला. "त्यातले चार तुझ्या फेरीतले."